माणूस पक्का हिशेबी नसेल, तर बाजार कार्यक्षम आहे हे कशावरून ठरवायचं?

वारणाकाठ (धागाकर्ता)

कल्याणाच्या अर्थशास्त्रातलं पहिलं प्रमेय इथल्या बहुतेकांना माहीत असेल. स्पर्धा पुरी असेल, भाव कुणा एकाच्या मुठीत नसेल, प्रत्येक वस्तूला बाजार असेल आणि दोघांच्या व्यवहाराची झळ तिसऱ्याला लागत नसेल, तर समतोलात, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात त्या भावाला, होणारी वाटणी पॅरेटो-कार्यक्षम असते. म्हणजे कुणाचं तरी नुकसान केल्याशिवाय आणखी कुणाचं भलं करता येत नाही. केनेथ ॲरो आणि जेरार डेब्रू यांनी १९५१ मध्ये हे प्रमेय आजच्या रूपात मांडलं.

त्यावर नेहमीचा आक्षेप असा, की माणसं एवढी हिशेबी नसतातच, मग प्रमेय काय कामाचं? मला हा आक्षेप घाईचा वाटतो. सिद्धता उघडून बघा. समजा, समतोलातल्या वाटणीपेक्षा सगळ्यांना जास्त पसंत पडेल अशी दुसरी एक वाटणी आहे. ती चालू भावात परवडली असती तर लोकांनी तीच घेतली असती. घेतली नाही, याचा अर्थ प्रत्येकाच्या बाबतीत ती खिशाबाहेरची आहे. आता सगळ्यांची बेरीज करा. त्या वाटणीची एकूण किंमत उपलब्ध मालाच्या किमतीपेक्षा जास्त भरते, म्हणजे तेवढा माल मुळात नाहीच. सिद्धता एवढीच आहे. यात 'क पेक्षा ख आवडतं आणि ख पेक्षा ग, तर क पेक्षा ग आवडलंच पाहिजे' ही साखळी कुठेही वापरलेली नाही. आन्द्रेउ मास-कोलेल यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की पसंती अपुऱ्या आणि विसंगत असल्या तरी समतोल अस्तित्वात असू शकतो.

सिद्धतेचा सारा भार वेगळ्याच गोष्टीवर आहे: ज्या पसंतीनं माणूस निवड करतो, त्याच पसंतीनं त्याचं भलं मोजायचं. जूनमध्ये एक ठरवलं आणि ऑगस्टमध्ये हात दुसरीकडे गेला, किंवा एकच कर्ज 'दरसाल १२ टक्के' म्हटल्यावर घेतलं आणि 'एकूण २४ हजार जादा' म्हटल्यावर नाकारलं, तर यातली कुठली पसंती त्याची धरायची? प्रमेय इथे गप्प आहे.

म्हणून चर्चा आपल्या भागातल्या तीन व्यवहारांवर करावी असं सुचवतो. सांगलीचा हळदीचा सौदा, हप्त्यावरची खरेदी आणि उसाचं बिल. माझा अंदाज असा, की या तिन्हींत माणूस सारखाच अर्धवट हिशेबी आहे, पण नुकसान तिन्हींत सारखं होत नाही. का होत नाही, ते शोधायचं आहे.

---

हळद_पेठ

सौद्यापासून सुरू करतो, कारण तिथलं उत्तर सगळ्यात स्पष्ट आहे.

१९९३ मध्ये धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांनी एक प्रयोग केला. दोन्ही बाजूंनी बोली लागणाऱ्या लिलावात माणसांऐवजी संगणकी व्यापारी बसवले. हे व्यापारी काहीच विचार करत नव्हते, आकडे वाटेल तसे फेकत होते. बंधन एकच: विकणाऱ्यानं आपल्या खर्चाखाली विकायचं नाही, घेणाऱ्यानं आपल्या मर्यादेवर जायचं नाही. एवढ्यावर लिलावातून निघणारा एकूण लाभ शक्य तेवढ्या लाभाच्या जवळजवळ १०० टक्क्यांना भिडला, माणसांच्या लिलावाइतका. ते बंधन काढलं तेव्हा कार्यक्षमता घसरली. त्याच्या बरंच आधी, १९६२ मध्ये, गॅरी बेकर यांनी दाखवलं होतं, की लोक मनाला येईल तसं निवडत असले तरी पैसे मर्यादित असल्यामुळे भाव वाढला की बाजाराची मागणी सरासरीनं उतरतेच. लिलावात शहाणपण बरंचसं नियमांत असतं.

आकड्यांत बघा. हळकुंडाचे चार शेतकरी, प्रत्येकाकडे सारखाच माल. किमान भाव क्विंटलला ११, १२, १३ आणि १५ हजार. चार खरेदीदार, त्यांची कमाल तयारी १६, १४.५, १३.५ आणि १२ हजार. उघड लिलावात भाव १३ ते १३.५ हजारांच्या मध्ये ठरतो आणि तीन सौदे होतात. एकूण लाभ (१६ + १४.५ + १३.५) उणे (११ + १२ + १३), म्हणजे ८ हजार.

आता हेच आठ जण जोडीजोडीनं, दाराआड भेटले असं धरा. १२ वाला ११ वाल्याला, १३.५ वाला १२ वाल्याला, १४.५ वाला १३ वाल्याला आणि १६ वाला १५ वाल्याला. चारही सौदे झाले, प्रत्येकाला आपापल्या व्यवहारात फायदा झाला, कुणी फसलं नाही. तरी एकूण लाभ ५६ उणे ५१, म्हणजे ५ हजारच. सौदे वाढले आणि लाभ ८ वरून ५ वर आला. 'आवक किती, उलाढाल किती' यावरून बाजाराची तब्येत सांगणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत लिहून ठेवावं.

म्हणूनच रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत आणि उघड बोली यांतला फरक नुसता प्रामाणिकपणाचा नाही. रुमालाखाली प्रत्येक सौदा सुटा राहतो. उघड बोलीत एकाचा आकडा दुसऱ्याला कळतो, आणि कुणाकडे काय आहे ही माहिती भावात उतरते.

---

पलूस_रोड

मान्य. पण खरेदीदार चारच असतील आणि चौघे सकाळी चहाला एकत्र बसत असतील तर?

---

हळद_पेठ

तर हा लाभ शेतकऱ्याच्या पदरातून व्यापाऱ्याकडे सरकतो, आणि साटंलोटं पक्कं असेल तर काही माल विकलाच जात नाही. पण त्याचं कारण मक्तेदारी आहे, माणसाचं मानसशास्त्र नाही. त्यावर उपाय खरेदीदार वाढवण्याचा. बाहेरच्या पेठेतला व्यापारी ऑनलाइन बोली लावू शकेल, असं करायचं. त्यासाठी मालाची प्रत कागदावर यावी लागते: ओलावा, रंग, कणीचं प्रमाण, गड्डा वेगळा काढला आहे की नाही. प्रत तपासलेली नसेल तर बाहेरचा माणूस सगळ्यात वाईट माल धरून बोली लावतो आणि चांगल्या मालाचा शेतकरी मार खातो. दोन्ही रोग एकाच औषधाच्या बाटलीत घालू नका, एवढंच.

---

माणदेशी

हळद_पेठ यांचं उदाहरण चोख आहे, पण ते चालतं कारण तिथे किंमत एकच आकडा आहे आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. दुसऱ्या प्रकारात किंमतच दोन तुकड्यांत असते. एक तुकडा फलकावर, दुसरा अर्जाच्या मागच्या पानावर.

हप्त्याचं कर्ज घ्या. १,००,००० रुपये, 'फ्लॅट १२ टक्के', २४ महिने. व्याज २४,०००, हप्ता ५,१६७. ऐकणाऱ्याला दर १२ वाटतो. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावर लागत राहतं. घटत्या शिलकीवर काढला तर दर सुमारे २१.६ टक्के येतो.

'शून्य टक्के व्याज' त्याहून फसवं आहे. टीव्हीची छापील किंमत ३०,०००. रोखीनं घेतला तर दुकानदार २८,००० ला देतो. हप्त्यावर ३,००० चे दहा हप्ते, वर ६०० रुपये प्रोसेसिंग. म्हणजे आज तुमच्या हातात मूल्य पडलं २८,००० उणे ६००, २७,४०० रुपयांचं, आणि फेडायचे ३०,०००. दर साधारण २० टक्के.

हे कुणालाही मोबाइलवर तपासता येतं. स्प्रेडशीटमधल्या 'रेट' सूत्रात क्रमानं तीन आकडे घालायचे: हप्त्यांची संख्या, उणे चिन्ह लावून हप्त्याची रक्कम, आणि आज प्रत्यक्ष हातात पडलेलं मूल्य. येणाऱ्या मासिक दराला १२ नं गुणायचं. चूक नेहमी तिसऱ्या आकड्यात होते. लोक तिथे छापील किंमत घालतात आणि उत्तर शून्य येतं. रोखीची किंमत उणे सगळे आगाऊ आकार, हाच आकडा घालायचा. पहिला हप्ता खरेदीच्याच दिवशी कापला जात असेल तर दर आणखी वर जातो.

आता मूळ प्रश्न. स्पर्धेनं हे का सुटत नाही? शेजारचा दुकानदार 'त्यांचा खरा दर २० टक्के आहे, माझा १५' असं का ओरडत नाही? झेव्हियर गॅबे आणि डेव्हिड लेबसन यांनी २००६ मध्ये याचं उत्तर दिलं. ग्राहकाला शहाणं करण्याचा खर्च माझा. शहाणा झालेला ग्राहक मात्र माझ्याकडे यायला बांधील नाही. तो त्याच जुन्या दुकानात जातो, फलकावरची स्वस्त वस्तू रोखीनं उचलतो आणि महागडा भाग टाळतो. त्या स्वस्त फलकाचा भार न समजणाऱ्या ग्राहकांच्या शुल्कातून भरला जात असतो. म्हणून दोन्ही दुकानदारांना गप्प राहणंच परवडतं. स्पर्धा कितीही वाढली तरी ती फलकावरच्या आकड्यात वाढते.

इथे पॅरेटो-कार्यक्षमतेचं भांडं फुटतं, आणि फुटण्याचं कारण मक्तेदारी नाही. पलूस_रोड, तुमच्या प्रश्नाहून हे वेगळं आहे.

---

चाफळ_खोरं

याला जोडून एक. राज चेट्टी, ॲडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट यांचा २००९ चा अभ्यास: अमेरिकेतल्या दुकानात फळीवरच्या किमतीत कर मिळवलेला नसतो, तो गल्ल्यावर लागतो. काही वस्तूंच्या चिठ्ठीवर करासहित किंमत लावली तर त्यांची मागणी ८ टक्क्यांनी उतरली. कर तोच, लोकांना माहीत असलेला, फक्त डोळ्यांसमोर आला. आपल्याकडे पाकिटावर 'कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह' छापावीच लागते, त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यात हा घोळ होत नाही. कर्जाला तसा एक आकडा फार उशिरा आला. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगाच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेनं मुख्य तथ्य-पत्रक सक्तीचं केलं, आणि त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर द्यावा लागतो. सही करण्याआधी ते पत्रक मागून घ्या, दुसरा कुठलाही कागद त्याची जागा घेत नाही.

---

रेठऱ्याचा_मळा

आता उसाकडे या. इथे भाव लपलेला नाही, लिलावही नाही. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव, सरकार ठरवतं. प्रश्न पैसा कधी येतो आणि खर्च कधी येतो याचा आहे.

आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तोड पुढच्या वर्षी नोव्हेंबरनंतर. म्हणजे १६ ते १८ महिने शेत पैसे मागत राहतं आणि देत काही नाही. मग एकदम मोठी रक्कम. अशा माणसाला तुम्ही जूनमध्ये काही विचारलंत आणि जानेवारीत तेच विचारलंत तर उत्तर वेगळं येणारच.

लोरेन्झो कासाबुरी आणि जॅक विलिस यांचा पश्चिम केनियातला प्रयोग (२०१८) आपल्या कारखान्यांच्या भागात कुणी तरी वाचून दाखवला पाहिजे. करारावर ऊस लावणारे शेतकरी, पीक विमा एकच. हप्ता आगाऊ रोख मागितला तेव्हा ५ टक्के शेतकऱ्यांनी घेतला. तोच हप्ता तोडीनंतर उसाच्या पैशातून कापून घेऊ म्हटलं तेव्हा ७२ टक्क्यांनी घेतला. विमा तोच, नफा-तोट्याचं गणितही जवळपास तेच. '५ टक्के लोकच घेतात, म्हणजे शेतकऱ्याला विमा नको आहे' असं बाजार बघून कुणी म्हटलं असतं तर ते साफ चूक ठरलं असतं.

लेबसन यांच्या १९९७ च्या मांडणीत हे असं बसतं. उद्याच्या कुठल्याही रकमेला माणूस आजच्या मानानं, समजा, ०.७ नं गुणतो. खताला १,००० रुपये, त्यातून तोडीला १,३०० जादा. आधीपासून बेत करताना दोन्ही गोष्टी पुढच्याच आहेत: ७०० विरुद्ध ९१०, टाकायचं ठरतं. प्रत्यक्ष दुकानात उभं राहिल्यावर १,००० आजचे आणि १,३०० पुढचे: १,००० विरुद्ध ९१०, हात मागे येतो. माणूस तोच, आकडे तेच. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी केनियातच (२०११) दाखवलं, की सुगी झाल्या झाल्या, हातात पैसा असतानाच, खतावर लहानशी आणि मुदतीची सवलत दिली तर पुढे हंगामात दिलेल्या कितीतरी मोठ्या सवलतीइतका परिणाम होतो.

आणि 'शेतकऱ्याला अक्कल नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी: आनंदी मणी, सेंधिल मुल्लयनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांना तोडीच्या आधी आणि नंतर त्याच प्रकारच्या आकलनचाचण्या दिल्या. तोच शेतकरी पैशाच्या ओढीत कमी गुण मिळवतो आणि बिल आल्यावर जास्त. म्हणजे निवडीचा दर्जा हा माणसाचा कायमचा गुण धरू नये. तो हंगामाप्रमाणे बदलतो.

---

पलूस_रोड

मग या तर्कानं एफआरपी हप्त्यांत देणं शेतकऱ्याच्या भल्याचंच म्हणायचं का? एकरकमी मिळाली की उडते, असं कारखान्यांच्या बाजूनं नेहमी ऐकू येतं.

---

वारणाकाठ

नाही. आणि इथे ठामपणे नाही म्हणावं लागेल, कारण वर्तणूक-अर्थशास्त्राचा सगळ्यात मोठा गैरवापर याच वाटेनं होतो.

हिशेब करू. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,५५०, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये. उतारा १२ धरला तर १७.५ टप्पे, म्हणजे ६०५.५० जादा. एकूण ४,१५५.५०. तोडणी-वाहतूक समजा ९०० वजा केली की राहतात सुमारे ३,२५५. यातले ७० टक्के आता आणि ३० टक्के पाच महिन्यांनी दिले, तर अडकले टनाला ९७६ रुपये. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे १४ दिवसांनंतरच्या थकबाकीला १५ टक्के व्याज आहे, तोच दर लावला तर पाच महिन्यांचे ६१ रुपये होतात. दोन एकरांत ८० टन पिकवणाऱ्याचे जवळपास ४,९००. ही रक्कम बचतीची शिस्त म्हणून शेतकऱ्याला मिळत नाही. कारखान्याला बिनव्याजी भांडवल म्हणून मिळते.

स्वतःला बांधून घेणं आणि दुसऱ्यानं बांधणं यांत फरक करायलाच हवा. नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी फिलिपिन्समध्ये (२००६) बँकेच्या ग्राहकांना असं खातं देऊ केलं, की ठरलेल्या तारखेपर्यंत किंवा रकमेपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत. जादा व्याज नाही, काही नाही. तरी २८ टक्के लोकांनी स्वतःहून घेतलं, आणि ज्यांना हे खातं देऊ केलं त्या गटाची बचत वर्षभरात इतरांच्या मानानं लक्षणीय वाढली. २८ टक्क्यांना कुलूप हवं होतं हे खरं. उरलेल्या ७२ टक्क्यांना नको होतं हेही तितकंच खरं. सगळ्यांना कुलूप घालून २८ टक्क्यांचा दाखला देता येत नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयानं एफआरपीचे दोन हप्ते करायला मुभा दिली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द ठरवला. कल्याणाच्या बाजूनं बघितलं तरी मला तो निकाल बरोबर वाटतो.

---

कोरेगावकर

चर्चा चांगली चालली आहे, पण एक धोका दिसतो. जे आपल्याला पटत नाही ते सगळं 'अविवेक' या खात्यात टाकायची सवय लागते. युरियाचं उदाहरण घ्या.

आडसाली उसाची शिफारस हेक्टरी नत्र ४००, स्फुरद १७०, पालाश १७० किलो. एकरी १६०-६८-६८. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र. गोणी २६६.५० रुपयांना, म्हणजे नत्र किलोला सुमारे १३ रुपये. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. गोणी १,३५० धरली आणि नत्राचे ११६ वजा केले तर स्फुरद किलोला साधारण ५४ रुपये पडतं. एक अन्नद्रव्य १३ रुपयांना आणि दुसरं ५४ ना असेल, तर शेतकरी पहिल्याकडे झुकणारच. पाल्याचा हिरवा रंग आठवड्यात दिसतो तो फायदा वेगळाच. ही भावाला दिलेली सरळ प्रतिक्रिया आहे. इथे सूचनाफलक लावून आणि मेळावे घेऊन काही होणार नाही, तफावत भावातच आहे.

म्हणून निदानाला क्रम असावा. आधी विचारा, भाव चुकीचा आहे का. मग माहिती पोचली आहे का. मग रोकड हातात आहे का. केनियातल्या ५ आणि ७२ टक्क्यांमध्येही मोठा वाटा हातात पैसा नसण्याचा आणि 'आगाऊ दिलेला हप्ता बुडाला तर?' या शंकेचा असू शकतो. लेखकांनीही ही कारणं वेगवेगळी तपासली आहेत. हे तिन्ही बाजूला काढल्यावर जे उरतं तेच मनाच्या घडणीचं. आणि त्याची एक बऱ्यापैकी खूण आहे: माणूस स्वतःच्या पुढच्या निवडीवर बंधन मागतो का? भिशीत लोक का बसतात? घरात ठेवलेला पैसा टिकत नाही हे त्यांना माहीत असतं. मागणीच नसेल तर आपण बाहेरून निदान चिकटवतो आहोत.

---

हळद_पेठ

कोरेगावकर यांच्या क्रमाला हळदीतून एक जोड. मागच्या वर्षीच्या भावाखाली विकायचंच नाही म्हणून माल धरून ठेवणारे बरेच असतात. डॅनिएल काह्नेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर यांच्या १९९० च्या मगांच्या प्रयोगात ज्यांना मग फुकट मिळाला त्यांनी घेणाऱ्यांच्या मानानं दुपटीहून जास्त किंमत मागितली आणि अपेक्षेच्या निम्म्याहून कमी सौदे झाले. साध्या टोकनवर तोच प्रयोग केला तेव्हा ही तफावत दिसली नाही. म्हणजे वस्तू 'माझी' झाली की ती सोडणं नुकसान वाटतं. मागच्या वर्षीचा भाव असाच मनात ठाण मांडून बसतो.

पण धरून ठेवणं प्रत्येक वेळी चूक नसतं. खर्च मांडून बघा. भाव १३,००० असताना बाजार समितीच्या तारण योजनेत माल ठेवून कर्ज ७५ टक्के, म्हणजे ९,७५० रुपये ६ टक्क्यांनी सहा महिने: व्याज २९२. उरलेले ३,२५० स्वतःचे अडकले, ते १२ टक्क्यांनी धरले तर १९५. सहा महिन्यांत २ टक्के घट धरली तर २६०. एकूण जवळपास ७५०. सहा महिन्यांनी १३,७५० च्या वर भाव येईल असं मानायला कारण असेल, तर धरणं हिशेबाचं आहे. मागच्या वर्षी काय भाव होता, याला या गणितात कुठेच जागा नाही. भाव पडला तर तारणाचा फरक भरायला रोकड लागेल हेही आधी बघा, नाहीतर नेमका खालच्या भावात माल सुटतो.

---

चाफळ_खोरं

मुख्य प्रश्न तसाच राहिला. निवडी एकमेकींशी जुळत नसतील तर भलं मोजायचं कशानं? आणि कुणी?

---

माणदेशी

दोन वाटा आहेत, आणि दोन्ही गंभीरपणे घ्याव्या अशा आहेत.

पहिली डग्लस बर्नहाइम आणि अँटोनिओ रँगेल यांची (२००९). माणसाच्या मनात 'खरी पसंती' कुठे दडली आहे हे शोधत बसू नका. निवड कुठल्या परिस्थितीत झाली तेही निवडीबरोबर नोंदवा. कुठल्याही मांडणीत ख असताना क घेतला गेला आणि उलटं कधीच झालं नाही, तर क बरा हे पक्कं. उलटसुलट होत असेल तर तिथे उत्तर एक आकडा नसून पट्टा असतो: विम्याची किंमत या माणसाला 'इतक्यापासून इतक्यापर्यंत'. मग काही मांडण्या बाद करता येतात, पण बाद करण्याचं कारण दाखवावं लागतं. फ्लॅट दरावर घेतलेला निर्णय बाद, कारण दर समजलेला नव्हता हे तपासता येतं. 'मला त्याची निवड पटत नाही' हे कारण चालत नाही. किती पट्टा उरला हे लपवायचं नाही, ही या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

दुसरी वाट रॉबर्ट सग्डेन यांची (२००४). पसंती सुसंगत नसेल तर पसंतीनं मोजणंच सोडा. माणसाला किती संधी उपलब्ध आहेत ते मोजा. त्यांनी दाखवलं, की स्पर्धेचा बाजार या कसोटीवर सुसंगत पसंतीशिवायही उतरतो. कुणाला कधीही काही हवंसं वाटलं आणि ते देणं शक्य असलं, तर नफ्यासाठी कुणीतरी ते देऊ करतो.

---

वारणाकाठ

सग्डेन यांची कसोटी सौद्याला लागू पडते, हप्त्याच्या कर्जाला कमी पडते असं माझं मत. ज्या संधीची किंमत कळत नाही ती संधी मोजायची कशी? शिवाय स्वतःला बांधून घेणारं खातं लोक एक संधी *कमी* करण्यासाठीच स्वतःहून मागतात, आणि संधी मोजणाऱ्या कसोटीला त्याचं मोल सांगणं अवघड जातं.

---

माणदेशी

दुसरा मुद्दा बरोबर. पहिल्यावर सग्डेन म्हणतील, की किंमत लपवणं हा संधीत आणलेला अडथळाच आहे, त्यामुळे दर उघड करायची सक्ती त्यांच्याही चौकटीत बसते. आमचं तुमचं खरं भांडण गप्प बसणाऱ्याबद्दल होईल. पीक विम्यात खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्याला सक्ती नाही, पण नको असेल तर अंतिम मुदतीच्या सात दिवस आधी तसं लिहून द्यावं लागतं. नाही दिलं तर हप्ता कापला जातो. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शी यांनी २००१ मध्ये अमेरिकी निवृत्ती-बचतीत दाखवलं, की गप्प बसण्याचा अर्थ बदलला की सहभाग कितीतरी बदलतो. म्हणून सहभाग वाढला यावरून भलं झालं हे सिद्ध होत नाही. गप्प माणूस हो म्हणाला की नाही म्हणाला, ते त्या आकड्यातून कळत नाही.

---

रेठऱ्याचा_मळा

मग गावातल्या विकास सोसायटीला हे करून बघायचं असेल तर? उसाच्या बिलातून पुढच्या लागणीचं खत-बेणं राखून ठेवायची सोय. नुसती चर्चा नको, अर्ज कसा असावा ते सांगा.

---

कोरेगावकर

अर्ज ऊस नोंदीच्या वेळी, जुलै-ऑगस्टमध्ये भरून घ्या. तोडीच्या तोंडावर नको. तेव्हा देणेकरी दारात असतात. तीन चौकटी: काही राखू नका, टनाला १५० रुपये राखा, टनाला ३०० राखा. एकाही चौकटीत आधीच खूण नको, आणि रिकामा अर्ज परत करायचा, म्हणजे गप्प बसण्याचा प्रश्नच उरत नाही. निम्म्या अर्जांवर चौकटींचा क्रम उलटा छापा. दोन्ही गट्ठ्यांत उत्तरं सारखी आली तर निवड मनापासूनची. सगळ्यात वर छापलेली चौकट दोन्हीकडे जास्त भरली गेली, तर लोक वाचत नाहीत असं समजून समजावून सांगण्यापासून पुन्हा सुरुवात करा.

८० टनांवर ३०० नं २४,००० होतात. त्यात लागणीचं बेणं आणि पहिला खताचा हप्ता बसतो का, ते आपापल्या एकरी खर्चावर ताडून बघा, नाहीतर पैसे राखूनही जूनमध्ये उधारी करावी लागते.

आजारपणासाठी एकदा मोडायची मुभा ठेवा, पण अर्ज दिल्यावर सात दिवसांनी पैसे. लगेच दिले तर कुलूपच राहत नाही, अजिबात दिले नाहीत तर लोक दुसऱ्या वर्षी येत नाहीत.

समजावून सांगणारा माणूस खताच्या दुकानाचा किंवा कारखान्याचा नको. आणि अर्जाच्या मागे '१४ दिवसांनंतर पैसे घेण्यास संमती' असलं कलम घुसू देऊ नका. ऊस नियंत्रण आदेशात लेखी करार असेल तर १४ दिवसांची अट सैल होते, त्यामुळे अशी एक ओळ महागात पडते.

पहिल्या वर्षाअखेर सहभाग किती, हे मोजू नका. ज्यांनी राखले त्यांना बिल हातात पडल्यावर विचारा, पुढच्या वर्षी हेच ठेवायचं का. दोन्ही हंगामांत, पैसा असताना आणि नसताना, तोच माणूस 'हो' म्हणाला तर माणदेशी म्हणतात तसं ते पक्क्यात धरता येईल.

---

माणदेशी

एक भर: राखलेली रक्कम कारखान्याकडे राहू देऊ नका, आणि पतसंस्थेतही नको. कारखान्यानं पूर्ण बिल १४ दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यावर टाकायचं. तिथून बँकेला दिलेल्या कायम सूचनेनं ठरलेली रक्कम त्याच्याच नावाच्या मुदत ठेवीत जाईल, जून अखेरच्या तारखेला पिकणारी. जिल्हा मध्यवर्ती किंवा इतर बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थांना ते नाही.